चेसी बदलताना: 1951 च्या शेव्हरोले पिकअपची हकिगत

मागच्या डाव्या कमानपाट्याची (लीफ स्प्रिंगची) कडी जिथे चेसीला, म्हणजे ट्रकच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, रिव्हेटने जोडलेली असते, तिथे मी स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहिले आणि ते पत्र्यातून आरपार गेले. तोपर्यंत माझ्या 1951 च्या शेव्हरोले 3100 पिकअपचे काम म्हणजे रंग, वायरिंग आणि हौद्याच्या लाकडी फळ्या, एवढेच आहे अशी माझी समजूत होती. त्या संध्याकाळी मी ट्रकखाली आडवा पडून बॅटरीच्या उजेडात पुढून मागपर्यंत दोन्ही बाजू हातोडीने ठोकत गेलो. जिथे खणखणीत आवाज यायला हवा होता तिथे बद्द आवाज येत होता, आणि प्रत्येक ठोक्यागणिक गंजाचे पापुद्रे तोंडावर पडत होते.

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. खुद्द डेट्रॉइट शहराच्या पोटात सुमारे 1,200 फूट खोल मिठाची खाण आहे. मिठाचे हे पाणी चाकांनी उडून चेसीच्या उघड्या पन्हळीत साचते आणि जिथे दोन पत्रे एकमेकांवर रिव्हेटने बसवलेले असतात त्या फटीत शिरते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक असते, त्यामुळे फटीतला गंज फुगत जाऊन पाचरीसारखे काम करतो आणि जाडजूड पत्रेसुद्धा एकमेकांपासून उसवतो. माझ्या ट्रकच्या मागच्या दोन आडव्या पट्ट्यांची नेमकी हीच अवस्था झाली होती. रिव्हेटची डोकी जागच्या जागी होती, पण त्यांनी धरून ठेवावे असे तिथे फारसे काही उरले नव्हते.

हा ट्रक मला का जपायचा होता, ते थोडक्यात सांगतो. शेव्हरोलेने 1947 च्या उन्हाळ्यात ॲडव्हान्स डिझाइन या नावाने ट्रकची नवी मालिका आणली आणि ती 1955 च्या आरंभापर्यंत चालली. 3100 म्हणजे त्यातला अर्ध्या टनाचा पिकअप, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले अंतर) 116 इंच. माझ्याकडच्या ट्रकच्या दाराच्या खांबावरील पट्टीवर नंबर 1 या आकड्याने सुरू होतो, म्हणजे तो मिशिगनमधल्याच फ्लिंट शहरात बनला; पुढची जेपी ही अक्षरे 1951 सालचा 3100 दर्शवतात. फ्लिंटच्या व्हॅन स्लाइक रस्त्यावरचा ट्रकचा कारखाना 1947 मध्ये सुरू झाला आणि तिथे आजही ट्रक बनतात. माझ्या घरापासून मोटारीने जाऊन यायच्या अंतरावर जन्मलेली वस्तू सत्तर वर्षांनी माझ्या गॅरेजमध्ये यावी, याचे मला मनापासून अप्रूप वाटते. तिची गोलाईदार मडगार्डे, पुढची दोन भागांची काच, केबिनच्या मागच्या कोपऱ्यांतल्या वळणदार काचा, हे सारे हाताला आणि डोळ्याला सुख देणारे आहे.

चेसी कुजल्यावर माझ्यासमोर तीन वाटा होत्या. पहिली, जुन्या चेसीला पट्ट्या जोडून ती सावरायची. पण कुजका भाग कापत गेल्यावर मागच्या अर्ध्या लांबीत मूळ लोखंड फारसे शिल्लक राहत नव्हते. दुसरी, ॲरिझोनासारख्या कोरड्या राज्यातून याच मालिकेची दुसरी चेसी मिळवायची. जुन्या वाहनांचे जाणकार हाच मार्ग सुचवतात आणि त्यांच्या मताचा मी आदर करतो. तिसरी वाट म्हणजे जनरल मोटर्सच्याच एस-10 या लहान पिकअपची चेसी घ्यायची आणि तिच्यावर जुनी केबिन, मडगार्डे आणि हौदा बसवायचा.

मी तिसरी वाट निवडली, आणि ती का निवडली हे नीट मांडणे मला आवश्यक वाटते. मूळ ट्रकला पुढे अखंड लोखंडी ॲक्सल आणि त्यावर कमानपाटे आहेत, चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, आणि ब्रेकच्या तेलाचा मार्ग एकच आहे. म्हणजे कुठलीही एक नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक एकाच वेळी जातात. 216 घन इंचांचे सहा सिलिंडरचे इंजिन सुमारे 90 अश्वशक्तीचे, त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना तेल मिळते ते मुख्यतः उडवण्याच्या पद्धतीने, आणि मागचे गिअर 4.11 चे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चारांहून जास्त फेरे, त्यामुळे ताशी 45 ते 50 मैलांच्या पुढे त्याला पळवणे म्हणजे त्याच्यावर अत्याचार करणे होय. इथल्या महामार्गावर वेगमर्यादा 70 मैल आहे आणि मला या ट्रकमधून माझ्या मुलीला शेजारी बसवून न्यायचे आहे. शिवाय हे ट्रक लाखोंच्या संख्येने बनले आणि त्यांतले कितीतरी मूळ रूपात आजही चांगले सांभाळलेले आहेत. मूळ चेसी शाबूत असती किंवा ट्रक दुर्मीळ असता, तर मी त्याला हात लावला नसता.

महाराष्ट्रातल्या वाचकांना इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. भारतात मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि चेसी नंबर हीच तिथे वाहनाची मुख्य ओळख असते. 2021 मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ मालिकेच्या नोंदणीचे नियम आले, त्यांतही चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा ही अट आहे. त्यामुळे मी इथे जे केले ते तिथे जसेच्या तसे करण्याचा विचार कोणी करू नये. इथेसुद्धा राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. मी पहिला नट सोडवण्याआधी राज्याच्या वाहन कार्यालयाला लेखी विचारले आणि दात्या ट्रकची, म्हणजे ज्याची चेसी घेतली त्याची, सगळी कागदपत्रे जपून ठेवली.

एस-10 हा ट्रक 1982 च्या मॉडेलपासून 2004 पर्यंत बनत होता. त्याच्या पहिल्या पिढीत साधी केबिन आणि लांब हौदा असलेल्या ट्रकचा व्हीलबेस 117.9 इंच आहे, म्हणजे माझ्या ट्रकपेक्षा जेमतेम 1.9 इंच जास्त. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, आणि 4.3 लिटरचे व्ही-6 इंजिन मिळाले तर सुमारे 160 अश्वशक्ती. जुन्या पिकअपखाली घालायला ही चेसी इतकी लोकप्रिय का आहे, ते या आकड्यांवरून कळते.

पहिली चेसी मी एका विक्रेत्याकडून घेतली. काळ्या रंगाचा ताजा हात दिलेली, दिसायला स्वच्छ. त्याच सुमारास माझे वडील सहा महिन्यांसाठी कोल्हापूरहून आले होते. त्यांनी चाळीस वर्षे शिवाजी उद्यमनगरात लेथ चालवला आहे. चेसी घोड्यांवर चढवलेली पाहून त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, “गुण्यात आहे का बघितलंस?” मी म्हणालो, “बाबा, ती कारखान्यातून आलेली चेसी आहे.” ते म्हणाले, “कारखान्यातून तीस वर्षांपूर्वी आली. त्यानंतर कुठं-कुठं आपटली ते तुला कुठं ठाऊक? ओळंबा आण.”

गुण्यात म्हणजे काटकोनात; चौकट गुण्यात असेल तर तिचे दोन्ही कर्ण सारखे भरतात. ओळंबा माझ्याकडे नव्हता. जवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून पितळी ओळंबा आणि खडूची दोरी आणली. पुढच्या सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचे बोल्ट जिथे बसतात ती छिद्रे आणि मागच्या कमानपाट्याच्या पुढच्या कडीचे छिद्र, अशी दोन्ही बाजूंची जोडीजोडीची ठिकाणे आम्ही निवडली. बाबा वर दोरा छिद्राच्या मध्यावर धरत, मी खाली गुडघ्यांवर बसून ओळंब्याचे हेलकावे थांबेपर्यंत वाट पाहत असे, आणि टोक जिथे स्थिर होई तिथे जमिनीवर चिकटवलेल्या कागदी पट्टीवर बारीक पेन्सिलीने फुली करी. गॅरेजचा दरवाजा बंद ठेवावा लागला, कारण वाऱ्याच्या झुळकेनेही दोरा हलत होता. सगळ्या फुल्या झाल्यावर चेसी बाजूला सरकवली आणि उरला तो फक्त जमिनीवरचा नकाशा. त्यावर कर्ण मोजले. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा पाच सूत जास्त भरला.

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एका सुताचा फरक मी चालवून घेतला असता. पाच सूत म्हणजे चेसीला कधीतरी पुढून कोपऱ्यावर धडक बसली होती. काळा रंग तारेच्या ब्रशने खरवडल्यावर पुढच्या उजव्या बाजूला पत्र्याची सुरकुती दिसली. विक्रेत्याने हात वर केले. ती चेसी मी भंगारात दिली, तिच्यावरचे ब्रेकचे आणि स्टिअरिंगचे सामान काढून ठेवले, आणि टेनेसीहून 1991 सालचा एक अख्खा चालता ट्रक आणला. त्याचे कर्ण एका सुताच्या आत जुळले. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, की चेसी विकत घेण्याआधी विक्रेत्याच्या अंगणात ओळंबा टाका, आणि त्याने हरकत घेतली तर पैसे खिशात ठेवून परत या.

जुना ट्रक खोलण्याआधीही मापेच घेतली. केबिनच्या पुढच्या भिंतीपासून पुढच्या ॲक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर, मडगार्डच्या कमानीत चाकाचा मध्य नेमका कुठे येतो, रेडिएटरची चौकट चेसीच्या वरच्या कडेपासून किती उंच आहे, पायऱ्या जमिनीपासून किती, हौदा आणि केबिन यांच्यामधली फट किती. हे सारे एका प्लायवूडच्या फळीवर लिहून ती भिंतीला टांगली. रेडिएटरच्या चौकटीची उंची विशेष महत्त्वाची, कारण पुढची मडगार्डे, जाळी आणि बॉनेट या सर्वांचा पुढचा आधार तीच असते. ती एक सूत खाली गेली तर बॉनेट आणि केबिन यांच्यातली फट वर रुंद होते, आणि मग ठोकून ती बुजत नाही.

एवढी काळजी घेऊनही एक चूक झालीच, आणि ती माझी होती. दात्या ट्रकचे इंजिन साफ करायला उतरवले होते आणि रिकाम्या चेसीवरच मी जुनी केबिन ठेवून तिच्या आधारांना वेल्डिंगचे टाके मारले. इंजिनाचे वजन नसल्यामुळे पुढच्या स्प्रिंगा फुलून चेसी पुढून उंच झालेली होती. इंजिन परत बसवल्यावर पुढचा भाग खाली गेला आणि केबिनने नाक खाली घातले. लेव्हलचा बुडबुडा पार एका टोकाला गेला. ग्राइंडरने सगळे टाके कापावे लागले. नंतर इंजिन आणि गिअरबॉक्स जागेवर ठेवूनच, मडगार्डे आणि रेडिएटर यांच्या वजनाऐवजी ऐंशी पौंडी काँक्रीट मिक्सच्या थैल्या लादून, पुढचा खालचा आर्म जमिनीला समांतर येईपर्यंत चेसी दाबली आणि त्या उंचीवर ती चारही घोड्यांवर पक्की केली. वाहन रस्त्यावर ज्या उंचीने उभे राहणार, त्या उंचीवर घेतलेले मापच खरे असते.

व्हीलबेसमधला 1.9 इंचांचा फरक, म्हणजे बाबांच्या भाषेत पंधरा सूत, दोन प्रकारे मिटवता येतो. चेसी मध्ये कापून आखूड करता येते, किंवा मागचा ॲक्सल पुढे सरकवता येतो. मी दुसरा प्रकार घेतला. कमानपाट्यांच्या दोन्ही कड्यांचे रिव्हेट काढले, कड्या पंधरा सूत पुढे घेऊन उच्च प्रतीच्या बोल्टांनी बसवल्या, शॉक ॲब्सॉर्बरचे आधार आणि रबरी थांबे त्याच हिशेबाने हलवले. गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट तेवढाच आखूड करून तो यंत्रावर संतुलित करून घेतला; हे काम घरी करण्यासारखे नाही. चेसीवर जिथे वेल्डिंग केले तिथेही एक पथ्य पाळले: वरच्या आणि खालच्या पट्टीवर आडवी शिवण घातली नाही. ट्रक वजन घेऊन वाकतो तेव्हा सर्वाधिक ताण याच पट्ट्यांवर येतो आणि आडव्या शिवणीच्या कडेने तडा जाण्याची भीती असते. आधारपट्ट्या उभ्या बाजूवरच जोडल्या आणि वेल्डिंगआधी बॅटरी आणि इंजिनाचा कॉम्प्युटर दोन्ही सोडवून ठेवले.

केबिनच्या आधारांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे मला जुन्या कारागिरीचा खरा परिचय झाला. मूळ ट्रकमध्ये केबिन पुढे रबराच्या गादीवर बोल्टने बसवलेली असते, पण मागे ती शॅकलवर, म्हणजे हलत्या कडीवर असते. उघड्या पन्हळीची चेसी खड्ड्यातून जाताना पिळवटते. ही कडी तो पीळ केबिनपर्यंत पोहोचू देत नाही, म्हणून सत्तर वर्षांनंतरही केबिनच्या कोपऱ्यांत तडे गेलेले नव्हते. नव्या चेसीचा पुढचा भाग बंद पेटीसारखा आहे आणि ती तितकी पिळवटत नाही, तरीही मी मागच्या आधारांना मऊ रबराचे मोठे बुश दिले. ज्यांनी ती कडी आखली त्यांनी विचारपूर्वक आखली होती आणि तो विचार नव्या चेसीवरही टिकावा असे मला वाटले.

स्टिअरिंगला तीन युनिव्हर्सल जॉइंट लागले, कारण नव्या स्टिअरिंग बॉक्सची जागा पुढे आहे आणि मध्ये एक्झॉस्टची नळी येते. तीन जॉइंट झाले की मधल्या शाफ्टला बेअरिंगचा आधार द्यावाच लागतो, नाहीतर तो शाफ्ट एका बाजूला कलंडून अडकू शकतो. ब्रेकचे पॅडल मी मूळ पद्धतीप्रमाणे फरशीतूनच वर येऊ दिले, म्हणून ब्रेकचे तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर फरशीखाली, डिस्कच्या कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर आला. अशा वेळी तेल उलटे वाहून परत येते आणि पहिल्या दाबाला पॅडल तळाला जाते. त्यासाठी पुढच्या डिस्कच्या नळीत 2 पीएसआयचा (दर चौरस इंचाला पौंड) आणि मागच्या ड्रमच्या नळीत 10 पीएसआयचा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह बसवला. आता ब्रेकच्या तेलाचे मार्ग दोन आहेत. पेट्रोलची टाकीही केबिनमधून, सीटच्या मागून, बाहेर काढून हौद्याखाली नेली. मुलीला शेजारी बसवण्याआधी मला हे सर्वांत आधी करायचे होते.

या चेसीची एक उणीव प्रांजळपणे सांगायला हवी. एस-10 अरुंद आहे. तिची स्वतःची चाके लावली तर ती मडगार्डांच्या आत दडतात आणि ट्रक मागून पाहताना आखडून उभा राहिल्यासारखा दिसतो. चाकांमध्ये जाड चकत्या घालण्यापेक्षा मी बाहेरच्या बाजूला अधिक येणाऱ्या पोलादी रिमा घेतल्या; तरीही चाक जितके बाहेर जाते तितका हबच्या बेअरिंगवरचा भार वाढतो, त्यामुळे ती बेअरिंगे मी नवी घातली आणि आता लवकर-लवकर तपासतो. जुन्या चाकांना सहा बोल्ट होते, नव्यांना पाच आहेत, म्हणून जुन्या रिमा वापरता आल्या नाहीत. त्यांवरच्या जुन्या टोप्या मात्र नव्या रिमांवर बसल्या.

हौदा उचलायला आमच्या ढोल-ताशा पथकातले चार मित्र आले. तो चेसीवर टेकल्यावर बाबांनी केबिन आणि हौदा यांच्यामधल्या फटीत डावीकडे आणि उजवीकडे तीच लाकडी पट्टी सरकवून पाहिली, आणि दोन्हीकडे ती सारखीच घट्ट गेली तेव्हा ते पहिल्यांदा खुर्चीवर बसले. त्यांच्या लहानपणी कोल्हापुरात या बनावटीचे ट्रक गुळाच्या रव्यांनी भरून जात. ते अजूनही ‘शेवरलेट’ असाच उच्चार करतात. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला 1928 मध्ये जुळणीचा कारखाना काढला होता आणि तो 1954 पर्यंत चालला, त्यामुळे त्या पिढीला हे नाव परके नव्हते. बाबा म्हणाले, “त्या ट्रकांच्या कमानी आमच्या उद्यमनगरात पाटा तापवून पुन्हा वाकवायचे. चेसी बदललेली कुणी पाहिली नाही. पण परवडत असतं तर केलं असतं.”

जुनी चेसी भंगारात घालण्याआधी मी तिची मधली एक आडवी पट्टी कापून ठेवली. ती सर्वांत कमी गंजलेली होती आणि तिच्यातल्या रिव्हेटांची गोल डोकी अजून एकसारखी आहेत. इंजिन मात्र वाया घालवले नाही. मूळ रूपातला ट्रक सांभाळणाऱ्या एका गृहस्थांनी ते गिअरबॉक्ससह नेले आणि आता ते त्यांच्या ट्रकमध्ये चालते आहे.

गेल्या महिन्यात ट्रकने या चेसीवर पहिले हजार मैल पूर्ण केले. महामार्गावर 60 मैलांच्या वेगात स्टिअरिंग दोन बोटांनी धरता येते. उजव्या दाराची काच अजून खडखडते आणि हौद्यात ओकच्या फळ्या बसवायच्या राहिल्या आहेत. परवा बाबांचा कोल्हापूरहून फोन आला. रंग कोणता दिला, असे त्यांनी विचारले नाही. “हजार मैलांनंतर कड्यांचे बोल्ट परत आवळलेस का? आणि कर्ण?” असे विचारले. बोल्ट आवळले होते, कर्ण मोजायचे राहिले होते. त्याच रात्री ट्रक सपाट जमिनीवर घेतला, ओळंबा काढला आणि त्याच छिद्रांखाली पुन्हा फुल्या केल्या. दोन्ही कर्णांतला फरक अर्ध्या सुताचा भरला, बसवताना होता तेवढाच. आकडे प्लायवूडच्या फळीवर तारखेसह लिहिले आणि फळीचा फोटो त्यांना पाठवला.